बर्फ आहे, पंप चालू आहे, तरी पेटी गार का होत नाही?

लग्नसराईत आणि जत्रांच्या दिवसांत माझ्याकडे येणारी तक्रार जवळजवळ ठरलेली असते: "बर्फ भरलाय, पंपाचा आवाज येतोय, पण मठ्ठा काही गार होत नाही." तोपर्यंत आणखी एक लादी मागवून झालेली असते. ती लादी पेटीत टाकायच्या आधी हे वाचा. मी बोलतोय ते थंड पाणी फिरवणाऱ्या पेट्यांबद्दल: एका पेटीत बर्फ आणि पाणी, पंप ते पाणी शेजारच्या मालाच्या पेटीतल्या नळीच्या वेटोळ्यातून (कॉइलमधून) फिरवतो आणि परतीच्या नळीने परत बर्फावर आणतो. अशा पेट्यांत बर्फ कमी पडल्यामुळे झालेला बिघाड मी फार क्वचित पाहिलाय. गारवा तयार असतो, तो मालापर्यंत पोचत नसतो.

लक्षणं

- पहिला तासभर पेटी छान गार, मग तापमान हळूहळू चढतं. बर्फ मात्र अर्ध्याहून जास्त शिल्लक.
- बर्फ दुपारीच संपला, आणि पेटीही कोमट.
- पंप गुणगुणतोय, पण परतीच्या नळीतून पाणी येत नाही, किंवा धार तुटत तुटत येते.
- कॉइलला टेकलेले डबे गार, मधले कोमट.
- नळ्यांखाली पाणी साचतंय. गळती आहे की नळीला घाम आलाय, कळत नाही.
- पंप बंद केला की बर्फाची पेटी भरून वाहते.
- पाण्याला कुबट वास, नळी आतून बुळबुळीत.

पहिली दोन लक्षणं नीट वेगळी ओळखा, कारण पुढचा सगळा शोध त्यावरच आहे. बर्फ शिल्लक असून पेटी कोमट असेल, तर पाणी नीट फिरत नाही किंवा कॉइल मालाची उष्णता घेत नाही. बर्फ संपून पेटी कोमट असेल, तर बाहेरची उष्णता आत येतेय किंवा मालच गरम भरलाय. पहिल्यात पंप आणि नळ्या बघायच्या, दुसऱ्यात झाकण आणि माल. बर्फ शिल्लक असताना आणखी बर्फ आणून काहीही होत नाही.

मी कोणत्या पेटीबद्दल बोलतोय

जाड भिंतीच्या एका आइस बॉक्समध्ये बर्फ आणि पाणी, त्यात बुडवलेला १२ व्होल्टचा छोटा पंप. पंप हे थंड पाणी नळीतून शेजारच्या पेटीत ढकलतो. तिथे ते तांब्याच्या कॉइलमधून फिरतं आणि परत बर्फावर येऊन पडतं. श्रीखंड, पनीर, कोशिंबीर, सोलकढी, मठ्ठा यांचे डबे या दुसऱ्या पेटीत पूर्ण कोरडे राहतात, म्हणून मी तिला कोरडी पेटी म्हणतो. ओली पेटी वेगळी. तिच्यात थंड पाणी थेट बाटल्यांभोवती फिरतं आणि वरच्या भोकातून परत जातं. सरबताच्या आणि सोड्याच्या गाड्यांना ती बरी पडते, कारण पाणी बाटलीला चारी बाजूंनी लागतं आणि बाटली लवकर गार होते.

दूध संकलन केंद्रावरची आइस बँक टाकी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे नवं नाही. तिथे आधी कॉइलवर बर्फ जमवून ठेवतात आणि दूध आलं की त्या टाकीतलं थंड पाणी चिलरमधून (दूध गार करणाऱ्या यंत्रातून) फिरवतात. आपल्या पेट्या त्याच तत्त्वावर चालतात, फक्त उचलून नेता येतात. बर्फाच्या पाण्याचं तापमान शून्य अंशाच्या आसपास टिकतं, त्यामुळे माल गोठत नाही आणि डब्यांत पाणीही शिरत नाही. पाणी फिरायचं थांबलं की मात्र कोरडी पेटी ही बर्फ नसलेली एक बंद पेटी उरते. म्हणून थांबलेला पंप लवकर कळणं फार महत्त्वाचं.

झाकण, ऊन आणि माल: एक पैसाही न लावता

पेटी उन्हात आहे का? सकाळी सावलीत ठेवलेली पेटी अकरा वाजता उन्हात येते, आणि मांडवाच्या गडबडीत ते कुणाच्या लक्षात येत नाही. ती तापलेल्या फरशीवर किंवा टेम्पोच्या पत्र्यावर थेट ठेवली आहे का? खाली दोन लाकडी पट्ट्या सरकवा.

मग झाकण. वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी झाकणात अडकवून बंद करा आणि ओढा. सहज सरकून आली तर त्या जागी रबर बसत नाहीये. चारही बाजूंना हे करा. कोपऱ्यांत आणि बिजागरीजवळ रबर आधी जातं. नव्या रबराची पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते.

झाकण किती वेळा उघडतं याचा हिशेब विदर्भात एक आणि कोकणात वेगळा. कोरड्या उन्हाळ्यात झाकण उघडलं की गरम हवा आत जाते, पण हवेत उष्णता धरायची ताकदच कमी असल्यामुळे तोटा बेताचा. कोकणातली दमट हवा आत गेली की तिच्यातली वाफ कॉइलवर पाणी होऊन बसते, आणि पाणी होताना भरपूर उष्णता सोडते. अशा १०० ग्रॅम पाण्यापायी सुमारे २५० किलोज्यूल उष्णता पेटीत येते. ती काढायला पाऊण किलो बर्फ जातो. किनारपट्टीवर दिवसाअखेर पेटीच्या तळाशी पेलाभर पाणी साचलेलं दिसतं, त्याला लोक गळती समजतात. त्यातलं बरंचसं झाकण उघडून आत आलेलं असतं. तिथे वाढपाचा माल आणि साठ्याचा माल दोन पेट्यांत ठेवावा. सतत उघडायची ती लहान पेटी, मोठी दोन तासांतून एकदा.

आता माल. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. १० लिटर मठ्ठा ३५ अंशांवरून ५ अंशांवर आणायला साधारण १२५० किलोज्यूल काढावे लागतात, म्हणजे एका कॅनला पावणेचार किलो बर्फ. तोच मठ्ठा आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवून १५ अंशांवर भरला तर सव्वा किलोत भागतं. बर्फापेक्षाही वेळ जास्त महत्त्वाचा. लहान पेटीची कॉइल १०० वॅट उष्णता काढत असेल, तर पहिल्या कॅनला साडेतीन तास लागतील, आणि तेवढा वेळ शेजारचं श्रीखंडही तापत राहील. ही पेटी गार माल गार ठेवण्यासाठी आहे. गरम माल गार करायचं काम तिच्यावर टाकू नका.

परतीची धार मोजा

सगळ्या तपासण्यांतून एकच करायची झाली तर मी ही करीन. परतीच्या नळीचं तोंड पाण्याबाहेर धरा आणि एक लिटरची बाटली भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा.

पंपाच्या खोक्यावर तासाला २४० लिटर लिहिलेलं असलं तर हिशेबाने बाटली १५ सेकंदांत भरायला हवी. पण तो आकडा पंपाला नळी न लावता आणि पाणी उंच न चढवता धरलेला असतो. लांब नळी आणि कॉइल जोडल्यावर ३० सेकंदांच्या आत भरली तर समाधान माना. मिनिटाच्या वर वेळ गेला तर बिघाड पाणी फिरण्यात आहे, आणि पुढच्या काही भागांत तो बहुतेक सापडेल. नवी जोडणी केल्याच्या दिवशी हा वेळ मोजून झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढे कधीही शंका आली की ताडून बघायला स्वतःचा आकडा हाताशी राहतो.

आवाजावर विसंबू नका. पंप हवेत फिरत असला तरी आवाज येतो, उलट जरा जास्तच येतो. परतीची धार दिसेल अशी नळी बसवा, म्हणजे येता-जाता नजर टाकली तरी कळतं.

बर्फाच्या पेटीत डोकवा

पंपाच्या डोक्यावर किमान चार बोटं पाणी हवं. नुसत्या बर्फावर पंप चालू करून पाणी आपोआप तयार होईल अशी वाट बघू नका, तोवर पंप कोरडा फिरतो. सुरुवातीलाच थंड पाणी ओतून पंप बुडवा. साध्या आइस बॉक्सला वितळलेलं पाणी काढून टाकायची सवय असते, ती इथे सोडा. इथे ते पाणीच गारवा वाहून नेतं. फार वाढलं तरच थोडं काढा.

मग बर्फात हात घाला. मोठी लादी पेटीच्या भिंतींत अडकते, खालून वितळते आणि पुलासारखी वर लटकून राहते. खालचं पाणी तिला शिवतच नाही. चुऱ्याचंही तेच होतं, वरचा थर एकमेकांना चिकटून घट्ट होतो. लाकडी दांड्याने ते फोडा. टोकदार सळई नको, पेटीचं आतलं अस्तर फाटलं की पाणी फोममध्ये शिरतं आणि पेटी कायमची कामातून जाते. मी निम्मी लादी आणि निम्मा चुरा भरतो. चुरा पाण्याला पटकन गार करतो आणि लादी उशिरापर्यंत टिकते.

परतीची नळी कुठे सोडली आहे तेही बघा. ती पंपाच्या शेजारीच पडलेली असेल, तर तेच पाणी पंपातून कॉइलला आणि कॉइलमधून पंपात फिरत राहतं. बर्फ एका कोपऱ्यात शाबूत आणि पेटी कोमट, याचं हे फार नेहमीचं कारण. परतीचं तोंड पंपाच्या समोरच्या टोकाला, बर्फाच्या वर बांधा. पाणी बर्फावरून ओघळत खाली आलं पाहिजे.

बर्फ कोणता आहे यावरही लक्ष हवं. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक आहे. कोरड्या पेटीच्या कॉइलमधून निळ्या बर्फाचं पाणी फिरवायला हरकत नाही, ते मालाला लागत नाही. ओल्या पेटीत मात्र बाटलीचं बूच त्याच पाण्यात असतं आणि गिऱ्हाईक ते तोंडाला लावतं. तिथे पांढरा, खाण्याचाच बर्फ वापरा. डबे तर ओल्या पेटीत कधीच ठेवू नका.

जाळी, मुरडलेली नळी, अडकलेली हवा

आपल्याकडे लादी येते ती गोणपाटात गुंडाळून, बरेचदा लाकडाच्या भुशातून. भुसा बर्फावरून सुटून पाण्यात उतरतो आणि थेट पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. सकाळी स्वच्छ असलेली जाळी दुपारी तपकिरी लगद्याने बुजते. लादी पेटीत घालण्याआधी नळाखाली धरून धुवा आणि पंपाला स्वयंपाकघरातल्या जुन्या नायलॉन गाळणीचं कापड सैलसर बांधा. घट्ट बांधलं तर तेच बुजतं.

नळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताने चाचपत जा. गार पाण्याने प्लास्टिकची नळी कडक होते आणि झाकणाच्या खाचेत किंवा वळणावर मुरडते. वरून नीट दिसली तरी आतून चपटी झालेली असू शकते. वळणावर कोपरा जोड बसवा.

हवा अडकणं हा पंप बदलूनही न सुटणारा बिघाड आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हे छोटे पंप पाणी ढकलतात, हवा ओढून काढायची ताकद त्यांच्यात नसते. नळीचा एखादा भाग पेटीच्या कडेवरून उंच जाऊन खाली येत असेल, तर हवेचा फुगा त्या उंचवट्यावर बसतो आणि पंप त्याला पलीकडे ढकलू शकत नाही. पंप गुणगुणतो, धार येत नाही, आणि माणूस नवा पंप आणायला निघतो. आधी हे करा: पंप बंद करा, पाण्याखालीच आडवा-तिडवा हलवून त्याच्या पोटातली हवा बाहेर जाऊ द्या. बुडबुडे वर येताना दिसतात. मग परतीची नळी बर्फाच्या पेटीच्या पातळीपेक्षा खाली, बादलीत सोडा आणि पंप चालू करा. धार जोरात सुरू झाली आणि बुडबुडे थांबले की नळी तशीच उचलून जागेवर बांधा. हवा पुन्हा पुन्हा अडकत असेल तर तो उंचवटाच काढावा लागेल, किंवा परतीचं पाणी पंपाच्या अगदी जवळ जोरात पडून बुडबुडे आत ओढले जात असतील.

ओल्या पेटीत याच्या उलटी अडचण येते. ती पेटी बर्फाच्या पेटीपेक्षा उंच असेल आणि पाणी आणणाऱ्या नळीचं टोक पाण्यात बुडालेलं असेल, तर पंप बंद होताच पाणी त्याच नळीतून उलटं वाहायला लागतं. वरची पेटी रिकामी होते, खालची भरून वाहते आणि मांडवात चिखल होतो. उपाय एका भोकाचा आहे: पाण्याच्या पातळीच्या जरा वर, पण पेटीच्या आतच, त्या नळीला तीन मिलिमीटरचं भोक पाडा. पंप बंद पडला की भोकातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. चालू असताना त्या भोकातून बारीक पिचकारी उडते, ती पेटीतच पडू द्यावी.

थर्मामीटर लावा

पाण्यात बुडवता येणारा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. आधी त्याचीच परीक्षा करा: बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी ढवळून त्यात धरला की शून्य दाखवायला हवा. एखाद-दुसरा अंश इकडेतिकडे असेल तर तेवढा फरक लक्षात ठेवा आणि सगळीकडे तोच थर्मामीटर वापरा. मग तीन ठिकाणी बघा: पंपाजवळचं पाणी, परत येणारं पाणी, आणि मधल्या डब्यातला पदार्थ.

पंपाजवळच पाणी ५-६ अंश असेल आणि बर्फ शिल्लक असेल, तर पाणी बर्फाला लागत नाहीये. मागे जाऊन लादीचा पूल आणि परतीची नळी बघा. जाताना १ आणि येताना ६-७ असेल, तर पाणी फार हळू फिरतंय. फरक जेमतेम अंशभर आणि माल मात्र १२ अंशांवर, तर पाणी व्यवस्थित फिरतंय पण मालाची उष्णता कॉइलपर्यंत येत नाही. हे शेवटचं चित्र लोकांना सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकतं, कारण पंप, बर्फ, नळी सगळं ठीक असतं. त्याचं उत्तर कॉइलच्या भागात आहे.

मिनिटाला एक लिटर पाणी एक अंश तापून परत येत असेल तर ते साधारण ७० वॅट उष्णता घेऊन येतंय. धारेचा वेळ आणि हा फरक एकत्र केला की तुमची पेटी किती काम करतेय हे तिथल्या तिथे कळतं.

वीज

आधी सुरक्षेचं, कारण हे जिवावरचं आहे. कूलरचा २३० व्होल्टचा पंप स्वस्त आणि सहज मिळणारा म्हणून बरेचजण बर्फाच्या पेटीत टाकतात. त्याच पाण्यात दिवसभर ओले हात जातात, पाय ओल्या मातीवर असतात, आणि वायरीला मध्येच टेप मारलेला जोड असतो. असा पंप दिसला तर पुढची तपासणी करू नका. प्लग काढा, आणि तो पंप या कामातून कायमचा बाद करा. शिवाय असा १८ वॅटचा पंप आपली सगळी उष्णता त्याच पाण्यात सोडतो: दहा तासांत जवळपास दोन किलो बर्फ केवळ पंपापायी वितळतो. ५ वॅटच्या १२ व्होल्ट पंपाला त्याच वेळात अर्धा किलो लागतो.

१२ व्होल्टच्या पंपाचं व्होल्टेज पंप चालू असताना, शक्य तितक्या पंपाजवळ मोजा. भरलेली शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्थ असताना १२.६ च्या आसपास दाखवते. १२ वर आली की ती बरीच उतरली आहे. बॅटरीवर १२.५ आणि पंपाजवळ ११ असेल, तर मधला जोड खराब आहे. मगरचिमट्यांवर साचलेला हिरवट-पांढरा थर कानस मारून काढा. ब्रशलेस पंपाला (आत कार्बनचे ब्रश नसलेल्या) लाल-काळी वायर उलटी लागली तर तो फिरतच नाही, तेही बघून घ्या. पॉवर बँकेवर पंप चालवत असाल, तर काही पॉवर बँका कमी वीज ओढली जातेय म्हणून स्वतःहून बंद पडतात. पहिल्या तासात गार आणि मग कोमट, यामागे हे कारण मला अनेकदा सापडलंय.

पंप उघडणं

इथपर्यंत सगळं ठीक आणि धार अजून मंद असेल तर पंप उघडा. वीज काढा, पुढचं झाकण अंगठ्याने फिरवून काढा. बहुतेक पंपांना स्क्रूसुद्धा नसतो. आतला इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, लोहचुंबकाने धरलेला असतो, तो सरळ ओढला की येतो. त्याच्या दांडीभोवती बघा. गोणपाटाचा एखादा धागा तिथे इतका घट्ट गुंडाळलेला असतो की तो पंपाचाच भाग वाटतो. नखाने उचलला की सोनेरी-तपकिरी सुतळीची गुंडाळी उलगडत येते, आणि इम्पेलर बोटावर पुन्हा मोकळा फिरायला लागतो. दांडीवर पांढरा क्षार असेल तर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड घालून अर्धा तास बुडवून ठेवा. इम्पेलरचं पातं तुटलं असेल किंवा दांडी झिजून डगमगत असेल तर दुरुस्तीच्या मागे लागू नका, नवा पंप घ्या. एक जादा पंप गाडीत नेहमी असू द्या, कार्यक्रम चालू असताना बाजारात जायला वेळ नसतो.

वास, बुळबुळ आणि धुणं

नळ्या ओल्या गुंडाळून ठेवल्या की आत बुळबुळीत थर धरतो. त्याने धार हळूहळू मंदावते आणि वास येतो. वास नसलेलं, ४ टक्क्यांचं साधं ब्लीच एका लिटर पाण्याला ५ मिली या प्रमाणात घालून दहा मिनिटं फिरवा, मग दोन वेळा स्वच्छ पाणी फिरवून काढून टाका. तांब्यात आणि ॲल्युमिनियममध्ये ब्लीच रात्रभर ठेवू नका, धातू खाल्ला जातो. सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगर आणि ब्लीच एकाच वेळी कधीही वापरू नका, विषारी वायू सुटतो. एकाने धुतल्यावर भरपूर पाणी, मग दुसऱ्या दिवशी दुसरं. शेवटी नळ्या दोन्ही तोंडं खाली करून टांगा आणि पेटीचं झाकण उघडं ठेवून वाळवा.

नळ्यांखालचं पाणी गळतीचं की घामाचं, हे ओळखायला बर्फाच्या पाण्यात खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि नळीभोवती पांढरा टिश्यू गुंडाळा. रंगीत ओलं झालं तर गळती, क्लिप आवळा किंवा नळीचं टोक इंचभर कापून पुन्हा बसवा. स्वच्छ ओलं झालं तर घाम. त्यावर एसीच्या पाइपला लावतात ते काळं रबरी फोम चढवा. घाम म्हणजे वाटेतच खर्च झालेला बर्फ, त्यामुळे फोमचे पैसे लवकर वसूल होतात.

कॉइल आणि मांडणी

पाणी नीट फिरतंय आणि माल कोमट, या चित्राकडे आता येऊ. कॉइल आणि डबा यांच्यामध्ये बोटभर हवा असेल तर गारवा फार सावकाश जातो. डबे कॉइलला टेकवा, आणि प्लास्टिकऐवजी स्टीलचे घ्या. कॉइल तळाशी असेल तर थंड हवा तिथेच बसून राहते, ती भिंतींच्या वरच्या भागात हवी. पेटी मोठी असेल तर १२ व्होल्टचा छोटा पंखा आत बसवा, मधले डबेही गार होतात. ओल्या पेटीत बाटल्या ठासून भरल्या असतील तर पाणी कडेकडेने निघून जातं. मध्ये वाट ठेवा आणि पाणी एका टोकाच्या तळाशी सोडून दुसऱ्या टोकाच्या वरून काढा.

पाण्यात मीठ टाकून जास्त गार करायचा मोह आवरा. मीठ-बर्फाचं मिश्रण शून्याच्या बरंच खाली, उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं. डब्याच्या कडेला मठ्ठा गोठतो, ओल्या पेटीत काचेच्या बाटल्या तडकतात आणि तांब्याचे जोड कुजतात.

पेटी रिकामी असतानाही पहिल्यापेक्षा जड लागतेय आणि बाहेरून एकाच जागी घाम येतोय, तर भिंतीतल्या फोममध्ये पाणी गेलंय. त्यावर घरगुती उपाय नाही, पेटी बदला.

इथे थांबा

बर्फाऐवजी कॉम्प्रेसरचा चिलर पाणी गार करत असेल, तर तुमच्या हातातलं काम एवढंच: मागच्या जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढा, भोवती वीतभर मोकळी जागा ठेवा, आणि पाण्याची धार तपासा. धार मंद झाली की चिलरच्या आतलं पाणी गोठून नळी फुटू शकते. गोठू नये म्हणून काही घालायचं असेल तर फक्त खाद्य दर्जाचं प्रॉपिलीन ग्लायकॉल, तेही बनवणाऱ्याने सांगितलेल्या प्रमाणात. गाडीच्या रेडिएटरचं कूलंट विषारी असतं, ते खाण्याच्या पेटीच्या आसपासही नको.

कॉम्प्रेसर सुरू होऊन लगेच बंद पडतो, चालू राहतो पण पाणी गार होत नाही, जोडांवर तेलाचे डाग दिसतात, किंवा हात लावल्यावर झिणझिण्या येतात: यापैकी काहीही असलं तर प्लग काढा आणि रेफ्रिजरेशनच्या माणसाला बोलवा. हल्लीच्या बऱ्याच यंत्रांत पेट घेणारा गॅस असतो. कॉइलला भोक पडलं म्हणून गॅस भरलेल्या यंत्राला घरी डाग (सोल्डर) देऊ नका. आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडत असेल तर ती दाबून धरून किंवा वगळून काम चालवू नका, इलेक्ट्रिशियन बोलवा.

मालाबाबतही थांबायची रेषा आहे. दुधाचे पदार्थ, पनीर, मासे, शिजवलेलं अन्न ५ अंश किंवा त्याखाली राहिलं पाहिजे. पंप बंद पडून ते त्याच्या वर दोन तासांहून जास्त राहिलं असेल, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर एका तासाहून जास्त, तर टाकून द्या. वास घेऊन किंवा चाखून ठरवू नका, आजारी पाडणारे जंतू चवीला कळत नाहीत. इन्सुलिन आणि लसी या पेट्यांत ठेवू नका. त्यांना २ ते ८ अंशांमध्येच राहावं लागतं आणि गोठून चालत नाही, त्यासाठी वेगळी साधनं असतात.

मेकॅनिकला फोन कराल तेव्हा एवढं सांगा: एक लिटरची बाटली किती सेकंदांत भरते, जाणारं आणि येणारं पाणी किती अंश आहे, पंप चालू असताना व्होल्टेज किती, आणि बर्फ शिल्लक आहे की नाही. यातून बिघाड चिलरचा की पाणी फिरण्याचा हे त्याला फोनवरच कळेल, आणि तो योग्य सामान घेऊन येईल.